जासूदजोडी आणि हौशी धावक

मराठ्यांच्या इतिहासात घोड्याला जेवढा मान मिळाला तेवढा माणसाच्या पायाला मिळाला नाही. भीमथडीच्या तट्टांचे कौतुक आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ज्या दौलतीचा कारभार पुण्यापासून दिल्लीपर्यंत आणि तंजावरापासून नागपुरापर्यंत चालत होता, त्या दौलतीची पत्रे कोणाच्या पायांनी चालत होती याचा विचार करण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत. आवक-जावक नोंदवही, लखोटे, 'तातडीचे' असा शिक्का मारलेले कागद हाच आमचा रोजचा संसार. त्यामुळे जुनी मराठी पत्रे वाचू लागलो तेव्हा मजकुराइतकेच आमचे लक्ष त्या पत्रांच्या वाहतुकीकडे गेले, यात नवल नाही. तशात बेंगळुरात बदली झाल्यापासून पहाटे धावण्याची हौस जडली. या दोन गोष्टींचा मेळ घालावा एवढ्याच उद्देशाने हे टिपण लिहीत आहोत.

पेशवेकालीन कागदांत 'जासूदजोडी' हा शब्द पदोपदी भेटतो. जासूद म्हणजे केवळ हेर नव्हे. पत्र घेऊन पायी धावणारा सरकारी माणूस हाही त्याचा अर्थ. कासीद हा त्याचाच भाऊबंद. पैसे ठरवून एका खेपेपुरता धाडलेला तो 'अजुरदार'. अजुरा म्हणजे मजुरी. जोडी अशासाठी की वाटेत एक आजारी पडला, नदीच्या पुरात गेला किंवा शत्रूच्या हाती लागला तरी दुसऱ्याने पुढे जावे. महत्त्वाचे पत्र असेल तर त्याच मजकुराच्या दोन प्रती दोन वाटांनी जात. अमुक दिवसांत पोहोचण्याची बोली होई, आणि पत्र कोणत्या दिवशी निघाले व कोणत्या दिवशी हाती आले याची टिपणे राहत. आमच्या कचेरीतील जावक वहीचे कूळ शोधायचे झाले तर ते येथे सापडेल.

या माणसांनी किती चालावे? पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेकडे निघाले होते आणि २४ जानेवारीच्या सुमारास भेलशाजवळ होते. तेथे सावकारांचे पत्र घेऊन दक्षिणेकडे चाललेला एक कासीद त्यांच्या माणसांना सापडला. मोती आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले ते पत्र उघडल्यावर विश्वासराव व सदाशिवराव गेल्याची वार्ता पेशव्यांना कळली. पानिपत ते भेलसा हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी साडेसहाशे किलोमीटरांच्या घरात जाते. ऐन थंडीत, लुटारूंनी भरलेल्या मुलुखातून, दहा दिवसांत ती वार्ता एवढी वाट चालून आली होती. आणि ती सरकारी जासुदाकडून नव्हे, सावकाराच्या चाकराकडून आली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. व्यापाऱ्यांची पायडाक दरबाराच्या पायडाकेच्या पुढे होती.

याहून जुने उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १६६० च्या जुलै महिन्यातील १२ आणि १३ तारखांच्या मधल्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. सुमारे साठ किलोमीटरांची रानवाट, पावसाळ्याचे दिवस, गुडघाभर चिखल आणि पाठीवर सिद्दी जौहराचे सैन्य. बाजीप्रभूंनी खिंड लढवली हे आपण जाणतो. आमचे मन मात्र पालखीच्या भोयांपाशी अडखळते. खांद्यावर दांडी घेऊन, अंधारात, निसरड्या वाटेने ज्यांनी ती रात्र काढली त्यांना हल्लीच्या भाषेत काय म्हणावे? आज त्याच वाटेने दर पावसाळ्यात शेकडो तरुण हौसेने चालतात. पायांत चांगले बूट असतात, डोक्याला दिवा असतो, तरी विशाळगड दिसेपर्यंत त्यांची दमछाक होते.

आता आमच्या कर्नाटकातील वास्तव्याला लागून असलेल्या एका प्रसंगाकडे वळतो. कारण धावणाऱ्या माणसाचे पाय थांबले म्हणजे इतिहास कसा वळतो हे त्यात फार स्पष्ट दिसते.

१७९१ सालच्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बेंगळूरचा किल्ला घेतला. टिपूविरुद्धच्या त्या युद्धात इंग्रज, निजाम आणि मराठे एका बाजूला होते. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या दीर्घ वेढ्यात गुंतले होते. एप्रिलच्या आरंभी धारवाड पडले. हरिपंत फडके दुसऱ्या वाटेने फौज घेऊन दक्षिणेस येत होते. दोन्ही फौजा एकत्र होऊन श्रीरंगपट्टणाकडे निघाल्या. कॉर्नवॉलिस मात्र त्यांची वाट न पाहता मेमध्येच श्रीरंगपट्टणावर चालून गेला. १५ मे रोजी अरकेरेजवळ लढाई झाली, टिपू मागे हटून तटाआड गेला. पण वेढा घालण्याचे त्राण इंग्रजांच्या फौजेत उरले नव्हते. तोफा ओढणारे बैल रोगाने पटापट मरत होते. तांदूळ मिळेना. पावसाळी वारे सुटले होते. मलबाराकडून येणाऱ्या ॲबरक्रॉम्बीच्या तुकडीला परत फिरण्याचे हुकूम गेले, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस कॉर्नवॉलिसने आपल्या वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्या हातांनी फोडून टाकल्या व तो बेंगळूरच्या वाटेला लागला.

२६ मे रोजी, माघारीच्या पहिल्याच दिवशी, इंग्रजांच्या बाजूवर घोडेस्वारांची एक टोळी आली. ती टिपूची समजून इंग्रजांनी झुंजीची तयारी केली. मग कळले की हे मराठे आहेत. हरिपंत व परशुरामभाऊंची फौज पाठोपाठ येत आहे. भर माळावर दोन दोस्त सैन्ये समोरासमोर आली आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता!

हे कसे घडले? उत्तर सोपे आहे. टिपूच्या हलक्या स्वारांनी सर्व वाटांवर पाळत ठेवली होती. इंग्रजांकडून मराठ्यांकडे आणि मराठ्यांकडून इंग्रजांकडे निघालेला प्रत्येक हरकारा वाटेत धरला जात होता. शेवटच्या दिवसांत दोन सैन्यांमधले अंतर एखाद्या तयारीच्या जासुदाने सूर्योदय ते सूर्यास्त तोडावे एवढेच होते. जोड्या कमी पडल्या नाहीत, माणसांची हिंमत कमी पडली नाही. वाटच बंद होती. एक पत्र, चारपाच दिवस आधी, कॉर्नवॉलिसच्या तंबूत पोहोचते तर तोफा फुटल्या नसत्या आणि मराठ्यांच्या दाणावैरणीवर फौज तगून राहिली असती. कारण मराठ्यांच्या छावणीत सर्व काही होते. कर्नल विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने त्या छावणीच्या बाजाराचे मोठ्या अचंब्याने वर्णन केले आहे. उपाशी इंग्रज सैनिकांना तेथे धान्य तर मिळालेच, वर काश्मिरी शाली आणि विलायती चाकूसुद्धा विकावयास मांडलेले दिसले. भाव मात्र बाजारबुणग्यांनी चांगलेच चढवले होते, हे सांगावयास तो विसरत नाही. युद्ध संपावयास आणखी दहा महिने लागले. १७९२ च्या फेब्रुवारीत पुन्हा श्रीरंगपट्टणावर हल्ला झाला आणि मार्चमध्ये तह होऊन टिपूचे दोन मुलगे ओलीस गेले. त्या दहा महिन्यांत जे मेले, उजाड झाले, त्यांचा हिशेब त्या न पोहोचलेल्या पत्रांच्या नावे कोणी मांडलेला नाही.

टिपूच्या स्वारांना वाटा एवढ्या नेमक्या ठाऊक असाव्यात याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. म्हैसूरच्या राज्यात पायडाकेची परंपरा जुनी होती. चिक्कदेवराज वोडेयर यांनी १६७२ मध्ये 'अंचे' नावाचे टपाल खाते उभारले. ठरावीक टप्प्यांवर माणसे बसवायची, एकाने थैली आणली की दुसऱ्याने उचलून पळायचे, अशी ती व्यवस्था. विल्क्सच्या म्हणण्याप्रमाणे या खात्याचे चाकर पत्रांबरोबर गावोगावच्या बातम्याही राजाला पोहोचवीत. टपाल आणि हेरगिरी यांचा हा संसार आपल्याकडील 'जासूद' या एकाच शब्दात सामावला आहे. याच चिक्कदेवराजांकडे पुढे १६८७ मध्ये, शहाजीराजांपासून चालत आलेले भोसल्यांचे बेंगळूर, मोगलांच्या हातून तीन लाखांच्या मोबदल्यात गेले. आपण मराठी मंडळी बेंगळुरात नोकरीला आलो की हे गाव एकदा आपले होते असे मोठ्या अभिमानाने सांगतो. ते हातचे कसे गेले हे सांगताना आवाज जरा खाली येतो. असो. म्हैसूरचे अंचे खाते १८८९ पर्यंत स्वतंत्र होते. त्या साली ते ब्रिटिश टपालात मिळाले. शब्द मात्र राहिला. बेंगळुरातील कोणत्याही टपाल कचेरीची कानडी पाटी वाचा, 'अंचे कचेरी' असेच लिहिलेले आढळेल. रोज त्या पाटीखालून जाणाऱ्या किती मराठी माणसांना त्या दोन अक्षरांमागची पावले ऐकू येत असतील कोण जाणे.

इंग्रजी अमदानीतही डाकेचा हरकारा बराच काळ टिकला. काठीला घुंगरू, हाती भाला, रात्री सोबतीला मशालजी. रेल्वे आली, तार आली, तसतसा तो घाटमाथ्यावर आणि रानात ढकलला गेला. धावणे हा ज्याचा पोटाचा धंदा होता त्याची पिढी अशी हळूहळू संपली.

आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्या सुमारास पोटासाठी धावणारा नाहीसा होत होता, त्याच सुमारास विलायतेत हौसेसाठी धावण्याचे शास्त्र तयार होत होते. तेथेही आरंभ चाकरांपासूनच झाला होता. उमरावांच्या गाडीपुढे पळणारे नोकर असत आणि मालक त्यांच्या शर्यती लावून पैजा मारीत. पुढे प्रतिष्ठित लोक स्वतः धावू लागले तेव्हा त्यांना या पेशाच्या माणसांचा शेजार नकोसा झाला. १८६६ मध्ये लंडनच्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने हौशी कोणाला म्हणावे याचा नियम केला. त्यात पैशासाठी धावणारा तर वर्ज्य होताच, पण यंत्रावर काम करणारा, कारागीर आणि मजूर हेही वर्ज्य होते. अंगमेहनत करणाऱ्याचे शरीर आधीच कसलेले, तेव्हा त्याच्याशी बरोबरी कशी करावी, असा त्यामागचा युक्तिवाद. आमच्यासारख्या कारकुनांना त्या नियमाची आडकाठी नव्हती, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट! १८८० मध्ये नवी संघटना स्थापन झाली तेव्हा मजुरांवरचे बंधन गेले. पैशाचे बंधन मात्र राहिले आणि त्याने पुढे अनेकांचे बळी घेतले. जिम थॉर्प या अमेरिकन इंडियन खेळाडूची १९१२ ची दोन सुवर्णपदके, त्याने पूर्वी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळल्याचे निघाले म्हणून काढून घेण्यात आली. फिनलंडच्या पावो नुर्मीला १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये प्रवासखर्च जास्त घेतल्याच्या आरोपावरून मॅरेथॉन धावू दिली नाही.

या नियमांच्या जगात आपला पहिला माणूस कसा शिरला ही हकीकत मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. १९१९ साली तेथील मैदानी सामन्यांच्या वेळी सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. तेथे त्यांना जे दिसले ते त्यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्राने कळवले. लांब पल्ल्याच्या शर्यतीला उतरलेले बहुतेक शेतकरी घरचे तरुण होते. अनवाणी धावत होते. शर्यतीचे नियम त्यांना कोणी शिकवले नव्हते, खाणेपिणे बेताचे होते. सुमारे पंचवीस मैलांची एक शर्यत होती. आणि या अनवाणी पोरांपैकी काहींची वेळ युरोपातील धावकांच्या वेळेशी ताडून पाहण्यासारखी निघाली. दोराबजींच्या मनाने तेथेच उचल घेतली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवण्याचे ठरले.

संघ लहानसा. चार धावक व दोन मल्ल; सोबत सोहराब भूत आणि डॉ. फैजी हे व्यवस्थापक. बंगालचे पूर्मा बॅनर्जी कमी पल्ल्याच्या शर्यतींसाठी. लांब पल्ल्यासाठी फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. यांपैकी शिंदे यांनी आपल्या वजनात चौथा क्रमांक मिळवला. यादी पुन्हा वाचून पाहावी. सहा नावांत बहुतेक माणसे मुंबई इलाख्याच्या मराठी-कानडी पट्ट्यातली आहेत.

चौगुले बेळगावचे. नावाची घडण कानडी, आडनाव मराठी मुलखात घरोघर आढळणारे. ते आमचे की तुमचे, असा वाद बेळगावच्या माणसाबद्दल निघाल्याशिवाय राहत नाही, आणि आमच्या बेंगळूरच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत तो एकदा निघालाही. एका कानडी स्नेह्याने म्हटले, "फडेप्पा हे नाव ऐकूनही तुम्ही त्यांना मराठी म्हणता?" आम्ही म्हटले, "पुण्याच्या शर्यतीतून पुढे गेलेला माणूस आहे, निम्मा तरी आमच्याकडे ठेवा." आमच्या मते हा वाद अँटवर्पपर्यंत पोहोचतच नाही. तेथे त्यांच्या नावापुढे भारत एवढेच लिहिलेले होते, आणि तेही पारतंत्र्याच्या काळात.

२२ ऑगस्ट १९२० रोजी ती मॅरेथॉन झाली. मॅरेथॉनचे अंतर तोवर कायमचे ठरलेले नव्हते. १८९६ मध्ये अथेन्सला ते सुमारे चाळीस किलोमीटर होते; १९०८ मध्ये लंडनला ४२ किलोमीटर १९५ मीटर झाले आणि तेच पुढे १९२१ मध्ये कायम झाले. अँटवर्पला मात्र ते ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब मॅरेथॉन हीच. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. तो पेशाने गवंडी होता, म्हणजे १८६६ च्या नियमाने हौशी ठरलाच नसता. एस्टोनियाचा लोसमान त्याच्यामागे अवघ्या तेरा सेकंदांनी. आणि एकोणिसाव्या क्रमांकावर चौगुले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. पहिल्यापेक्षा अठरा मिनिटे मागे.

अठरा मिनिटे हे अंतर थोडे नाही. परंतु पलीकडे पिढ्यान्पिढ्या शर्यतीची शिस्त, संस्था, शिक्षक होते आणि अलीकडे केवळ पाय होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल कळते. आम्ही स्वतः तेवढे अंतर कापण्यास त्यांच्यापेक्षा दोन तास अधिक घेतो, म्हणून हे जरा अधिकारवाणीने लिहीत आहोत.

चौगुल्यांची आठवण आपण कितपत ठेवली? १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, हॉकीची सुवर्णपदके आली, १९५२ मध्ये खाशाबा जाधवांचे कांस्य आले, आणि पदक न मिळवलेला एकोणिसावा माणूस मागे पडला. पदकाशिवाय नाव न ठेवण्याची ही आपली सवय आम्हाला खटकते. खाशाबांचीही उपेक्षा झालीच. पण निदान उपेक्षा झाली असे तरी आपण म्हणतो. चौगुल्यांबद्दल तेवढेही कोणी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या घरातून लांब पल्ल्याकडे जाणारी वाट मात्र बुजली नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर त्याच वाटेने २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

हौशी माणसाचे लांब पल्ल्याचे वेड मॅरेथॉनवर थांबले नाही. अँटवर्पनंतर वर्षाच्या आतच, २४ मे १९२१ रोजी, दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग ते डर्बन अशी पन्नासाहून अधिक मैलांची 'कॉम्रेड्स' शर्यत सुरू झाली. ती सुरू करणारा व्हिक क्लॅपम रेल्वेच्या इंजिनाचा चालक होता. महायुद्धात पडलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे न करता पायांनी करावे ही त्याची कल्पना. चौतीस जण निघाले, सोळा पोहोचले. आज तेथे हजारो धावतात. आपल्याकडे हे वेड एकविसाव्या शतकात आले आणि विशेषतः बेंगळुरात फार फोफावले. संगणकाच्या कचेऱ्यांतील तरुण, बँकांतले, सरकारी खात्यांतले, निवृत्त फौजी असे सर्व थरांतले लोक रविवारी पहाटे नंदीच्या डोंगराकडे किंवा गावाबाहेरच्या तळ्यांकडे निघतात. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतून रात्रंदिवस चालणाऱ्या शर्यती भरू लागल्या. महाराष्ट्रात सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी शर्यत निघाली. गडांच्या त्या वाटा धावणाऱ्यांसाठी नव्या नाहीत. नवा आहे तो छातीवरचा क्रमांक.

श्रीरंगपट्टणाजवळ, रंगनतिट्टूच्या पक्षितीर्थालगत, कालव्याच्या काठाने मातीच्या वाटेवरून अशीच एक 'कावेरी ट्रेल' शर्यत भरत आली आहे. आमच्या कचेरीतले आम्ही तिघे एका वर्षी तिच्यात उतरलो, आणि आमच्यापैकी कोणीही पहिल्या शंभरांत आला नाही. पहाटेचा गारवा सरला की उसाच्या आणि भाताच्या शेतांवरून दमट वाफ येऊ लागते. कालव्याच्या पाण्याचा आवाज सोबत असतो. काही अंतरावर मिठाचे पाणी, केळी, भिजवलेले शेंगदाणे ठेवलेले असतात. एक कळशी भरून घेऊन जाणारी बाई आपल्याहून जलद चालते हे पाहून मनाची गंमत होते. परतीच्या वाटेवर बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कानडीत विचारले, "एवढे धावल्याबद्दल किती देतात?"

आम्ही म्हटले, "देत नाहीत, अज्जा. आम्हीच पैसे भरून धावतो."

त्याने आमच्या सोबत्याकडे पाहिले. त्याने मान हलवल्यावर खात्री पटली. मग बाजूला सरून वाट देत म्हणाला, "मग सावकाश जा की, घाई कसली?"

शर्यत आटोपल्यावर दुपारी आम्ही मेलुकोट्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत पांडवपुरा लागते. हैदर-टिपूंच्या पदरी असलेल्या फ्रेंचांच्या छावणीमुळे इंग्रज या गावाला 'फ्रेंच रॉक्स' म्हणत. त्यापुढे तोण्णूरचे विस्तीर्ण तळे आहे. यालाच मोती तलाव हे नाव पडले. १७९१ च्या मे महिन्याच्या अखेरीस हरिपंत आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा येथेच, या पाण्याच्या आसऱ्याने, कॉर्नवॉलिसच्या उपाशी सैन्याशेजारी उतरल्या होत्या. पाणी अजून नितळ आहे. बांधावरून पाहिले तर दक्षिणेस, श्रीरंगपट्टणाच्या दिशेने, सपाट मुलूख पसरलेला दिसतो. मध्ये मोठी नदी नाही. सकाळी आम्ही अडखळत जेवढे अंतर धावलो, साधारण तेवढ्याच अंतरावर ते तटबंदीचे गाव होते.